मिठाच्या गावात विकलेलं मीठ

माझा जन्म मिठागराच्या बांधावरचा, आई मीठ ओढता ओढता खाली बसली नि मी झाले, असं आजी सांगायची. डोळे उघडले तं पुढ्यात पांढरं, मागं पांढरं, वर आभाळ नि खाली पन आभाळच, पान्यात पडलेलं. अजून दुपारी डोळा लागला का तेच दिसतं, काय सांगू तुमाला.

लगीन गावातच झालं, दुकानवाल्याशी. तो गेला आनीबानीच्या आगंमागं, मूल ना बाळ, हे दुकान तेवढं व्हतं. तिकडं हायवेला कॉलनीची दुकानं झाली, लोक कामाला तिकडंच, येताना सामान घेऊनच यायचे. माझ्या फळीवर काडेपेट्या नि साबनाच्या वड्या, बस. भाऊ कामोठ्यावरनं आला, बोलला टाळं लाव नि चल माझ्याकडं, तू काय जड नाय. मी बोलले नाय येत जा. कुनी फुकट हातावर काय ठेवलं तं भिरकावून देनारी बाई मी, गावाला ठावं व्हतं ते.

मंग एकदा सकाळी दार उघडते तं पायरीवर मिठाचं पोतं. कुनाचं, कुनी बोलेना. तेवढ्यात शेजारची गोमी वाटी घेऊन आली, बोलली मीठ दे गं विकत. अगं, तुझा नवरा मिठागरावर, घरात मिठाचा ढीग, नि तुला मीठ विकत? ती बोलली ते ओलं झालंय. मागनं दुसरी आली, मंग तिसरी, सगळ्यांचंच ओलं! भर वैशाखात!

मी पोत्यात हात घातला नि कळलं. जाडं, जरासं लालसर, ते गोमीच्याच मिठागराचं. त्यांचंच मीठ, नि त्याच विकत घेत व्हत्या. तराजू धरला, डोळ्यांत पानी आलं, तशीच गोमीची वाटी तोलून दिली. पोतं सरलं का पायरीवर दुसरं. त्या मिठावर चहा आला, गूळ आला, फळी भरली, मी माझ्या दारात र्‍हायले.

आता मिठागरं नव्या शहराच्या भरावाखाली गेली. गोमी अजून वाटी घेऊन येते, आता खरंच लागतं. मी पिशवीतलं देते, ती जिभेवर ठेवते नि बोलते, आपलं नाय गं.

आपलं त्या बरनीत हाय, शेवटच्या पोत्यातलं. ते मी विकत नाय. गोमीची पोर सासरी गेली तवा चिमूटभर काढलं व्हतं, नि आज तुमच्या कालवनात टाकलंय. जेवा, सावकाश जेवा.