मोठे ब्रेक

गॅरेजच्या बाकावर गाडीची वाट बघत बसलेल्या शिक्षिकाबाईंनी पेपर तोंडासमोर धरला होता. कान मात्र शेजारच्या आजी-आजोबांकडे होते. मेकॅनिक त्यांच्यासमोर हात पुसत उभा होता.

"याच गाडीचं ते जोरात पळणारं मॉडेल आहे ना, त्याचे ब्रेक आमच्या गाडीला बसतील का हो?" आजींनी विचारलं.

"बसतील. पण त्या ब्रेकच्या डिस्क मोठ्या असतात, या चाकांत मावणार नाहीत. त्यामुळे चाकंही बदलावी लागतील."

"बदला."

"अगं, आपल्याला काय शर्यतीत उतरायचंय? मी कधी गाडी पळवतो का?"

"मला पळायचं नाहीये, थांबायचंय."

"थांबते की गाडी!"

"हो, परवा शेजाऱ्यांच्या फाटकाला टेकून थांबली. तुमच्या शेजारी बसून मीसुद्धा पाय दाबत असते. पोटऱ्या भरून येतात माझ्या."

"आजोबा, राग मानू नका," मेकॅनिक म्हणाला. "पाय वेळेवर पडतो ना? तोच उशिरा पडला, तर मोठे ब्रेक तरी काय करणार?"

आजोबांनी उजवा गुडघा चोळला.

"मागच्या आजारपणापासून हा पाय बधिर असतो. कधीकधी पेडल कळतच नाही."

"अहो, मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं, तर तुला बहिणीकडे कोणी नेलं असतं?"

"मी शिकले असते गाडी."

"या वयात?"

"या वयात तुम्ही लोकांची फाटकं पाडलेली चालतात!"

पेपरामागे बाईंना हसू आवरेना.

आजोबांनी खिशातून किल्ली काढून आजींच्या हातावर ठेवली.

"मोठे ब्रेक बसवाच," ते मेकॅनिकला म्हणाले. "ही शिकणार आहे."