मझौलीची तुटक रेघ

नाही नाही, तुमचं काहीच चुकलं नाही — बसा, मैथिली मॅडम, लॅपटॉप आवरायची घाई नका करू, तुमची टॅक्सी अधारतालच्या चौकातच अडकली असणार, या वेळेला तिथे भाजीच्या हातगाड्या अर्धा रस्ता अडवतात. चहा घ्या आधी. मी मीटिंगमधून मधेच उठून गेले ना, ते असंच — डोकं जड झालं होतं, बाकी काही नाही. डेमो फार छान झाला. आमच्या सेठजींना कोणाचं कौतुक करताना पाहिलंय का कुणी? आज 'अरे वाह, ये तो कमाल है' म्हणाले. झालं तर मग! या डेअरीत आकड्यांचं सगळं काम माझ्याकडे, आकड्यांची चित्रं काढणारं हे सॉफ्टवेअर निवडायचं कामही माझ्याकडेच, मी उद्या शिफारस लिहून देते, सेठजी सही करतात, की तुमचं काम झालं. नागपूरच्या ना तुम्ही? मला कळलंच. मीटिंगभर हिंदी बोलून राहिल्या होत्या, पण तो प्रोजेक्टर बंद पडला तेव्हा 'अगं बाई' निघालंच तोंडातून. बरं वाटलं ऐकून. आमचं घर पिढ्यान् पिढ्या जबलपूरचं — उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर हिंदी. आणि आता आतही — आमची दुर्वा पुण्यात नोकरीला, मराठी मुलखात, पण फोनवर मी मराठीत विचारलं की ती हिंदीत उत्तर देते. अच्छा, जाऊ द्या ते.

तुलना कशी केली म्हणता? सांगते ना. तुमच्या कंपनीत विचारतीलच, की बाकी दोघांपेक्षा आपलं काहून आवडलं. पहिलं होतं ते आमच्या एक्सेलशी लगेच जुळणारं, स्वस्तही, शिकायला सोपं, पण मझौलीसारख्या आडगावच्या दूध केंद्रावर नेट गेलं की नुसतं गोल गोल फिरत बसायचं. दुसरं दिसायला फार देखणं — काय रंग, काय नकाशे, गावावर बोट ठेवलं की गाव उघडायचं — पण दर माणसामागे इतके पैसे, की सेठजी म्हणाले दूध विकायचं की रंग विकत घ्यायचे! आणि तिसरं तुमचं. मोबाइलवर चालतं, हिंदीत चालतं, रोज सकाळी केंद्रांवरून दूध आलं की आपलं आपण चित्र बदलतं. आणि ते तुमचं नवीन — पुढचं सांगणारं. मागचे आकडे बघून पुढची रेघ काढतं ना, तुटक तुटक. ती बाकीच्या दोघांतही होती म्हणा, पण त्यात चार ठिकाणी जाऊन शोधावी लागायची. तुमच्यात एका बटणावर. फार सोपं आहे. हो, फारच.

उशीर? हो, झाला ना उशीर, तुम्ही किती फोन केलेत, मला माहीत आहे. सेठजींनी एक महिना दिला होता, मी अख्खा पावसाळा घालवला. रोज म्हणायचे, 'विनताजी, शादी का रिश्ता ढूँढ रही हो क्या?' मी म्हणायची, जरा बारकाईने बघून राहिले. खोटं नव्हतं ते. बारकाईनेच बघत होते. कोणतंही नवीन सॉफ्टवेअर आलं की लोक आधी सगळ्या कंपनीची बेरीज टाकतात. मी आधी मझौलीचं दूध टाकायची. फक्त मझौलीचं. पहिल्यात टाकलं तर लाल चौकोन आला. दुसऱ्यात लाल गोळा. तुमच्यात लाल बाण, खाली तोंड केलेला. मग मी रंग बदलला — लालच्या जागी निळा. निळी रेघही खालीच जाते. मग ती बाजूची उभी पट्टी असते ना आकड्यांची, ती लांबवली, वर पार टँकरभर लिटर, खाली शून्य — की मग मधली रेघ कशी सपाट होते, बघितलंय ना तुम्ही? शांत दिसते अगदी. तशीच ठेवली होती माझ्या स्क्रीनवर, कोणाला दाखवायला नाही, माझी मलाच. दुपारचा डबा खाताना बघत बसायची. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र ते होत नाही, ते पट्टी आपोआप नीट करून टाकतं. चांगलंच आहे ते. कंपनीसाठी चांगलंच आहे.

काहून मझौली? — घ्या ना बिस्कीट, आज सकाळपासून बोलून राहिल्या, पोटात काही नसेल.

ते मागच्या रांगेत बसले होते, बघितलंत? पांढरा शर्ट, चष्मा खिशात. तुम्ही मझौलीचं चित्र पडद्यावर लावलं, ते बटण दाबलं, तुटक रेघ निघाली आणि खाली खाली गेली — आणि ते मोठ्याने म्हणाले, 'ये कौन सा गाँव है?' सगळे हसले. सेठजी तर किती हसले! म्हणाले, 'देखा, अनिमेषजी अपना ही सेंटर पहचानने से इनकार कर रहे हैं।' तुम्हीही हसलात. हसायचं नाही तर काय करायचं, हसण्यासारखंच होतं ते. मझौली केंद्राचा इनचार्ज स्वतःच विचारतो हे गाव कोणतं — कोणालाही चेष्टाच वाटेल. तेसुद्धा हसले मग. सगळे हसून राहिले म्हणून हसले. मी ओळखते ते हसू.

आमचे मिस्टर आहेत ते.

नाही, नाही — तुम्ही काहून माफी मागता, तुम्हाला कोण सांगणार होतं? आमची कागदावरची आडनावंही वेगळी, मी माहेरचंच ठेवलंय. आणि तुम्ही तर डेमोसाठी सर्वात ठसठशीत उतार निवडला, मी तुमच्या जागी असते तर तोच निवडला असता. बस गं, बस. अगं म्हटलं तर चालेल ना? दुर्वाएवढीच आहेस तू.

चेष्टा नव्हती ती. त्यांना खरंच कळलं नाही ते गाव कोणतं.

हा माणूस — तुला काय सांगू — मझौलीच्या आसपासच्या गावांत असं घर नव्हतं जिथे यांनी चहा घेतला नाही. कोणाची म्हैस कधी व्यायली, कोणाच्या पोरीचं कुठे जमलं, सगळं पाठ. दुसऱ्या डेअरीचे लोक जास्त भाव घेऊन यायचे, तर गावकरी म्हणायचे, भैया से पूछ के बताएँगे. दूध भावावर येत नव्हतं गं, यांच्यावर येत होतं. आणि मग एक दिवस नथ्थू पटेल माझ्याकडे आला, इथे ऑफिसात, टोपी हातात घेऊन. म्हणाला, दीदी, भैया हमसे किस बात पे नाराज हैं? मी म्हटलं, काय झालं? तर म्हणे, भैया भेटले आणि विचारलं, बाबूजी की तबीयत कैसी है. अगं, नथ्थूचा बाप जाऊन चार महिने झाले होते! हे स्वतः खांदा देऊन आले होते, तेराव्याला जेवून आले होते. नथ्थूला वाटलं, टोमणा मारला — कर्मकांडात काही कमी राहिलं म्हणून. मी म्हटलं, कामाच्या गडबडीत विसरले असतील. तो बरं म्हणाला. दुसऱ्या महिन्यापासून नथ्थूचं दूध दुसरीकडे जाऊ लागलं. मग त्याच्या भावाचं. मग त्या अख्ख्या गल्लीचं.

मला तरी कुठे कळत होतं? एकदा हे मझौलीला म्हणून निघाले आणि बरगीला पोचले — कुठे मझौली, कुठे बरगी, शहराच्या दोन टोकांना! फोन केला तर म्हणाले, धरणाचे दरवाजे उघडलेत, बघावं म्हटलं. मीही म्हटलं, बघा बघा, माझ्यासाठी फोटो काढा. किती सहज विश्वास ठेवतो बाई आपण, ठेवायचा असला की.

आणि मग हे सॉफ्टवेअरचं काम आलं. पहिल्याची ट्रायल चालू केली, मझौलीचं दूध टाकलं, आणि रेघ आली. मी बघतच राहिले. म्हणजे आकडे तर माझ्याकडे आधीही होते, दर महिन्याला मीच भरत होते एक्सेलमध्ये, पण आकडे कसे, एकाखाली एक उभे असतात, आपण वरून हात फिरवतो आणि पुढे जातो. रेघ तसं करू देत नाही. एक जागा आहे बघ त्या रेघेत, जिथून ती वळते — सेठजींना वाटतं तिथे दुसऱ्या डेअरीने भाव वाढवला. तुमचं ते कारण सांगणारं बटण पण काय म्हणालं? तापमान, वाहतूक, दर. मी पण दाबलं होतं ना ते. तीनदा दाबलं. मला माहीत होतं तिथे काय आहे. तिथे नथ्थूचा बाप आहे. तिथे बरगी आहे. त्याच्यापुढे एक छोटा खड्डा आहे, तिथे हे गावकऱ्यांचं शुक्रवारचं पेमेंट विसरले. मी मीटिंगमध्ये बसते आणि सगळ्यांना तिथे दूध दिसतं, आणि मला — मला आमचे हे दिसतात. उतरताना.

नागपूरलाच नेलं होतं डॉक्टरकडे. दुर्वाला सांगितलं नाही अजून. इथे नेलं असतं तर दुसऱ्या दिवशी अधारतालभर झालं असतं. तपासण्या केल्या, फोटो काढले डोक्याचे. मी विचारलं, डॉक्टर, किती दिवस असं राहील? तर म्हणाले, प्रत्येकाचं वेगळं असतं, सांगता येत नाही. भला माणूस. मी त्याच आशेवर होते, की सांगता येत नाही. आणि मग घरी येऊन तुमची ट्रायल उघडली आणि ते बटण दाबलं. हो, मला कळतं गं — दूध म्हणजे माणसाचं डोकं नाही. कंप्युटरला काय माहीत कोणाचं काय. पण ती तुटक रेघ खाली टेकताना बघितली ना, तर मला वाटलं, चला, कोणीतरी सांगितलं. दुसऱ्या दोन्ही सॉफ्टवेअरमध्येही काढून बघितली. एकात जरा लवकर टेकते, एकात जरा उशिरा. उशिरा टेकते म्हणून ते महागडंच घ्यावं, असं सेठजींशी किती भांडले मी! तू हसशील.

नाही हसत? बरं.

आता? आता काय, तू ऐकलंसच. 'दिवाली के बाद मझौली बंद, दूध सीधा प्लांट पे लाओ।' आणि वरून म्हणाले, अनिमेषजींना इथे हेड ऑफिसात बसवू, घराजवळ, आराम होईल. मन मोठं आहे सेठजींचं, वाईट हेतू नाही. पण डॉक्टर म्हणाले होते, रोजची जागा बदलू नका. मझौलीत तेच फाटक, तेच कॅन, तीच खुर्ची — हात आपले आपण चालतात, डोकं नसलं तरी चालतात. इथे सगळ्यांच्या मधे, नवीन टेबल, नवीन कंप्युटर, सकाळ-संध्याकाळ कोणी ना कोणी विचारणार — आठवडाभरात सगळ्यांना कळेल. मग घरी बसवतील. आणि घरी बसले की — आजचं 'ये कौन सा गाँव है' उद्या माझ्याकडे बघून विचारतील. चित्र बदलून देते म्हणतेस? काय बदलणार तू? आकडे खरे आहेत. दुसरं काही चित्र काढलंस तरी आकडे तेच. मी सगळे प्रकार करून बसलेय, बेटा. गोल, उभे, आडवे, ठिपक्यांचे. तुझंच सॉफ्टवेअर घ्या म्हणून लिहिणार आहे मी. चांगलं आहे. साफ दिसतं त्यात.

थांब, जिन्यावर कोण — अहो! वर काहून आलात, मी येतच होते खाली. या, या, बसा. ह्या मैथिली. नागपूरच्या. हो, त्याच, सॉफ्टवेअरवाल्या. नाही — नाही, मीटिंग झाली नाही अजून. उद्या आहे. हो, तुम्हालाही बोलायचंय त्यात. काय सांगणार आहात सेठजींना? मझौलीचं दूध वाढून राहिलं म्हणून? हो. सांगा ना. वाढूनच राहिलं आहे. उद्या सांगा, सगळे ऐकतील तुमचं.

मैथिली, तुझी टॅक्सी आली बघ, हॉर्न वाजवून राहिलाय तो. ती वायर राहिली तुझी, घे. नाही, काही बोलू नकोस यांच्याशी — जा. जा बेटा तू.