बबलूच्या लग्नाची पंगत

वडीगोद्रीच्या शाळेत कोरोनाची दुसरी लस टोचून घेतल्यावर भुजंगला बाकीच्या गावकऱ्यांसोबत अर्धा तास वर्गातच बसवलं होतं. मागच्या बाकावर गोजरबाई आणि तिची शेजारीण कमरबी बोलत होत्या.

"सगळ्यांना सुई झाली की देश खुले करणार म्हणे," गोजरबाई म्हणाली.

"लई चांगलं. दुबई खुली झाली म्हंजे माझी लेक नाहिद येईल. दोन साल झाले, नातू फोनवरच बघून राह्यले मी."

"दुबई खुली करावी बिलकुल. आपलं गाव मातर दमानं करावं."

"का बरं?"

"माझ्या बबलूचं लग्न पन्नास माणसांत उरकलं न्हाई का? तव्हा मी घरोघर सांगून आल्ते, खुलं झालं की समद्यांना बुंदीचं जेवण."

"मंग घाल की."

"इतक्या जल्दी लस निघंल असं कुठं वाटलं? आधी शाळा खुली करावी, मंग बाजार, मंग एसट्या. पंगती सगळ्यात शेवटी, दोन-तीन वर्षांनी."

"तवर लोक विसरतील?"

"आत्ताच कोनाच्या ध्यानात हाये?"

भुजंगनं मागं न बघता हात वर केला. मग पुढच्या बाकांवरूनही एकेक हात वर गेला. सुई टोचलेला डावा कुणीच उचलला नाही. सगळे उजवे, जेवायचे.