पेन्सिलवर भरवसा नाही

युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, याचं मतदान होतं. इंग्लंडमधल्या ग्रिम्स्बीत मतदान केंद्राच्या रांगेत माझ्यापुढे पायाला प्लास्टर घातलेला एक म्हातारा चाकाच्या खुर्चीत बसला होता. खुर्ची त्याची शेजारीण ढकलत होती.

"नोरीन, मला घरीच ठेवलं असतंस, तर बाहेर पडणाऱ्यांचं एक मत कमी झालं असतं."

"सकाळी आलं होतं मनात, विल्फकाका."

"मग?"

"बाबा अंथरुणाला खिळले होते, तेव्हा आठ महिने आमचा कुत्रा तुम्ही फिरवलात. तेव्हा विचारलंत, आमचं मत कुणाला?"

"विचारायचं काय त्यात? तुझा बाप जन्मभर माझ्या विरुद्धच. गुणी होता कुत्रा."

"खिशातून काय काढताय?"

"पेन. आत पेन्सिल देतात. मागाहून कुणी मतपत्रिकेवरची फुली खोडली म्हणजे?"

"काहीतरीच! आत केंद्राच्या कामाला तुमची मेहुणीच बसलीय."

"म्हणून तर! हे धर, आधी तू जा."

"काका, माझी फुली 'राहायचं'वर पडणार आहे."

"ठाऊक आहे गं. एवढं ढकलत आणलंस मला. तुझीही कुणी खोडता कामा नये."