खरोखरचा हात

चौकीतल्या बाकावर न्हावी दुकान बंद ठेवून सकाळपासून बसला होता. चोरीला गेलेली त्याची स्कूटर सापडली होती, आणि ती नेणाऱ्या पोरांना सोडायचं नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. शेजारी एक बाई गळ्यात शिट्टी अडकवलेल्या माणसाला फैलावर घेत होती.

"तुम्हीच म्हणालात ना सर, मैदानावर पाठवा, वाईट संगत सुटेल?"

"सुटत आली होती, ताई."

"डोंबल सुटली! साहेबांनी विचारलं, स्कूटरला हात कोणी लावला? बाकीच्यांनी सरळ हात वर केले, आम्हाला काही माहीत नाही म्हणाले. आणि आमच्या शहाण्यानं खरोखरचा हात वर केला!"

"व्हॉलीबॉलमध्ये मीच तसं शिकवतो. चेंडू बोटाला नुसता चाटून गेला, तरी पंचानं विचारायच्या आधी आपण सांगायचं."

"अहो, हा काय चेंडू होता? ढकलायला तेवढा हात लावला त्यानं. आता आत जा आणि सांगा, त्या वेळी तो तुमच्याकडे खेळत होता."

"मग उद्या त्याला कुठल्या तोंडानं शिकवू?"

"उद्या तो सुटला, तर शिकवाल ना!"

बाई न्हाव्याकडे वळली.

"दादा, तुम्हीच सांगा. कबूल करून माझ्या पोरानं काय मिळवलं?"

तेवढ्यात हवालदार दारात आला.

"स्कूटरवाले कोण? साहेब बोलावतायत."

न्हाव्यानं एकदा बाईकडे पाहिलं, एकदा त्या शिट्टीकडे. मग हळूच हात वर केला.