शेठच्या डाव्या बाजूला

जबाब देणार: घोडेवाली मावशी, सर्वजण याच नावाने ओळखतात. वय अठ्ठावन्न. धंदा: तलावाकाठच्या मैदानात लहान मुलांना तट्टावर बसवून फेरी मारून आणणे. राहणार: मैदानामागची गल्ली, शिंपीमास्तरांच्या दुकानाला लागून.

मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. घरामागे पत्र्याचा तबेला आहे. पूर्वी तीन तट्टं होती, आता एकच उरलं आहे. त्याला शेठ म्हणतात. मनात आलं तर चालतो, नाहीतर उभा राहून लोकांकडे बघत बसतो, म्हणून हे नाव पडलं.

शेजारच्या शिंपीमास्तरांना एक मुलगी आहे, वय पाच. तिला सगळे भिंगरी म्हणतात. तिची आई दवाखान्यात दिवसपाळीला असते आणि मास्तर मशीनवर बसले की त्यांना मान वर करायला सवड नसते. त्यामुळे शाळा सुटली की पोर माझ्याकडे, म्हणजे खरं तर शेठकडे येते. मला तोंडदेखलं "मावशी, काय करतेस?" विचारते आणि मी उत्तर द्यायच्या आत तबेल्यात पसार होते.

शेठचा डावा डोळा निकामी झाला आहे. त्या बाजूला कोणी उभं राहिलं तर त्याला दिसत नाही. म्हणून माझ्या तबेल्यात एक नियम आहे. शेठच्या डाव्या बाजूला उभं राहायचं तर हळू आवाजात बोलत राहायचं. गप्प बसलं तर तो बावरतो आणि ओरडलं तर उधळतो. मोठी माणसं हा नियम दोन मिनिटांत विसरतात. भिंगरी कधी विसरली नाही. ही मुलगी वर्गात तोंड उघडत नाही अशी तिच्या बाईंची तक्रार असते, असं मास्तर सांगतात. तबेल्यात तिच्या तोंडाचा पट्टा थांबलेला मी पाहिलेला नाही.

एका डोळ्याच्या तट्टावर दुसऱ्यांची मुलं बसवायला माझं मन धजेना. शेठला गावी भावाच्या शेतावर धाडायचं मी ठरवलं. काल सकाळी तसं भावाला फोनवर सांगितलं, दुपारी टेम्पो येईल म्हटलं. भिंगरीला काल सुट्टी होती. ती दाराशी उभी होती हे माझ्या ध्यानात आलं नाही.

त्याच सकाळी मास्तरांचं आणि माझं वाजलं होतं. "मावशी, पोरीच्या अंगाला लिदीचा वास येतो, तिला आत घेत जाऊ नका," असं ते म्हणाले. मी म्हटलं, "मग तुम्ही घ्या ना जरा जवळ, म्हणजे येणार नाही." मला त्यांना लागेल असंच बोलायचं होतं आणि ते लागलं.

दुपारी जेवून मी जरा लवंडले. उठून पाहिलं तर तबेल्यात शेठ नव्हता. तेवढ्यात मास्तर भिंगरीला शोधत आले. दोघंही नाहीत म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात काय आलं असेल ते मला कळतं. टेम्पोचं त्यांना गल्लीत कोणीतरी सांगितलं होतं. सकाळच्या भांडणाचा राग काढायला मी पोरीला पळवली, असं त्यांनी इथे चौकीत येऊन लिहून दिलं. टेम्पो तोवर आलाच नव्हता, पण ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. माझा त्यांच्यावर राग नाही. कालच्या दुपारी होता.

सगळी गल्ली तलावाकडे धावली. मीही धावले. पाण्याच्या काठाने लोक भिंगरीच्या नावाने ओरडत होते. काठावर दिसेल ती लहान चप्पल मी उचलून बघत होते. हवालदारांनी आता मला मुद्द्याचं सांगायला सांगितलं. मी मुद्द्याचंच सांगते आहे.

मैदानाच्या कडेला एक बंद गोदाम आहे. त्याच्या आवारात मी कधीमधी शेठला चरायला नेते. कुंपणाचा एक पत्रा सरकवला की आत जाता येतं. ओरडून माझा घसा बसला, म्हणून मी दम खायला त्या पत्र्याला टेकले. मास्तर मला शोधून काढून तिथे आले आणि अद्वातद्वा बोलू लागले. ते श्वास घ्यायला थांबले तेव्हा आतून आवाज आला. कोणीतरी हळूहळू बोलत होतं.

"मग कॉलर लावायची. मग काजं करायची. काजं बाबा हातानं करतात. मशीननं केलेली बाबांना आवडत नाहीत. मग बटणं. बाबा दोरा तोंडानं तोडतात, पण आपण तोडायचा नाही, दात पडतात."

मास्तरांनी पत्र्याला हात घातला, मी तो हळूच सरकवला आणि आम्ही आत शिरलो.

आत पाइपसाठी चर खणला आहे. शेठचा पुढचा पाय त्यात जाऊन दगडांत अडकला होता. तो डाव्या अंगावर झुकला होता, आणि त्या बाजूला भिंगरी चिखलात बसून, त्याच्या मानेवर हात ठेवून बोलत होती. टेम्पो जाईपर्यंत लपवायचं म्हणून तिनेच त्याला इथे आणलं होतं. आम्ही घातलेल्या हाका तिने सगळ्या ऐकल्या होत्या. ओ देता आली असती. पण ओरडली असती तर शेठ उधळला असता आणि त्याचा पाय मोडला असता. माझा नियम तिने इतका पाळला की दुपारभर आम्ही तिला मेलेली समजत होतो.

मास्तर उडी मारून पुढे जाणार, तोच ती त्याच आवाजात म्हणाली, "बाबा, हळू. त्याला तुम्ही दिसत नाही."

मास्तर म्हणाले, "ये बाळा, वर ये."

"मी आले तर त्याच्याशी कोण बोलणार?"

मास्तर चरात उतरले. त्यांची पांढरी पँट होती, ती गेली. त्यांनी तिला माझ्याकडे दिलं आणि तिच्या जागी बसले. त्यांना घोड्याशी काय बोलायचं ते सुचेना. दोन वेळा नुसतं "हं, हं" केलं. मग मापं सांगायला लागले. छाती छत्तीस, कंबर बत्तीस, बाही साडेतेवीस. मी माणसं आणि फळ्या घेऊन येईपर्यंत ते गल्लीतल्या सगळ्यांची मापं शेठला सांगत होते. शेठ कान हलवत ऐकत होता. मास्तरांचा आवाज मधेच फाटत होता, पण चढला नाही.

पाय निघाला. गुरांच्या डॉक्टरांनी सूज आहे, हाड शाबूत आहे असं सांगितलं. टेम्पो संध्याकाळी आला, तो मी रिकामा परत पाठवला. शेठ कुठेही जाणार नाही. फेऱ्या बंद झाल्या तरी चालेल, माझं मी बघून घेईन. मास्तर तक्रार मागे घ्यायला माझ्याबरोबर आले आहेत. भिंगरी त्यांच्या मांडीवर झोपली आहे. काल रात्रभर तिला ताप होता आणि ती गुंगीत होती, म्हणून शेठ राहणार हे तिला अजून माहीत नाही. ती उठायच्या आत मला मोकळं करावं अशी विनंती आहे. मला स्वतः तिला सांगायचं आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी "सदर जनावर" लिहिलं होतं, तिथे "शेठ" करून घेतलं. वाचण्याच्या आवाजाने मुलगी जागी झाली आणि तिने "तो गेला?" असं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मास्तर म्हणाले, "नाही गं. तो घरीच आहे. आपलीच वाट बघतोय." एवढं खाली जोडून घ्यावं असं मी सांगितलं, त्याप्रमाणे जोडलं आहे. सर्व मजकूर माझ्या सांगण्याबरहुकूम असून खरा आहे.