फाटक मीच उघडलं

ताकुआरेम्बो गावातल्या गुरांच्या दवाखान्यात मी नंबर लावून बसलो होतो. समोरच्या बाकावर म्हाताऱ्या एल्बिओंच्या मांडीवर पोट फाटलेली कुत्री होती. त्यांच्या शेजारच्या मळ्यातल्या नेलिदाबाई ‘माते’चा, म्हणजे इकडच्या कडू चहाचा, पेला घेऊन आल्या.

“घ्या घोटभर. रानडुकरानं फाडलं ना?”

“हो. कोकरांवर आलं होतं. मी घसरून पडलो, तर ही मधे शिरली.”

“किती कोकरं गेली?”

“या महिन्यात नऊ.”

“एल्बिओ, मला लाज वाटते हो. आपल्याकडे कुठं होती ही डुकरं? आमच्या सासऱ्यांनीच शिकारीच्या हौसेपायी जोडी आणवली. मग ती कुंपण मोडून पळाली.”

“मोडून कसली पळतायत? मी तेव्हा तुमच्याकडेच कामाला होतो. फाटक मीच उघडलं.”

“तुम्ही? का हो?”

“डुकरिणीला पिल्लं झाली होती. बाहेर पडायला गजांवर तोंड आपटून रक्तबंबाळ व्हायची. बघवेना मला.”

“आणि आता?”

“आता दिसलं की गोळी घालतो. काय करणार?”

आतून डॉक्टरांनी हाक मारली.

“बाई, हिला जरा खालून धरता? हिला घेऊन मला उठवत नाही.”

“धरलंय. उठा तुम्ही सावकाश.”